खताच्या दुकानातला भावफलक आणि दवाखान्यातला



या वेळी सोयाबीनवर लिहीत नाही. गेल्या आठवड्यात तिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच विषय काढला, दवाखान्याचं बिल. एकानं म्हैस विकली, एकानं सोसायटीचं कर्ज भरायला ठेवलेले पैसे तिकडं घातले. आपल्याकडं शेत गहाण पडतं ते बहुतेक दोन कारणांनी, लग्न नाहीतर दवाखाना. लग्नाची तारीख आणि खर्च तरी आधी ठरतो. दवाखान्याचा आकडा शेवटच्या दिवशी हातात पडतो. पण हा आकडा आधी कळावा म्हणून आपल्या राज्यात नियम आहे. तो किती जणांना माहीत आहे?

आधी आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सांगतो. कृषी सेवा केंद्रात आत शिरलं की साठा आणि भावाचा फलक दिसतो. तो दुकानदारानं हौसेनं लावलेला नसतो. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानं तो लावायलाच लागतो आणि पक्की पावतीही द्यावीच लागते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला, हे गोणीवरच छापलेलं असतं. तरी टंचाईत कुणी युरियाबरोबर दुसरी बाटली गळ्यात मारतो, ते वेगळं. पण तो चुकीचं करतोय हे आपल्याला कळतं, कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, आणि रस्त्याच्या पलीकडं दुसरं दुकान असतं. बाजार समितीतही तसंच. हिशोबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असते. एक आकडा चुकला तरी आपण अडतीवर जाऊन विचारतो.

म्हणजे भावफलक उपयोगी पडायला तीन गोष्टी लागतात. खरेदीच्या आधी तो वाचता आला पाहिजे, त्यावर तपासणी करणारा कुणीतरी पाहिजे, आणि नाही पटलं तर जायला दुसरं दुकान पाहिजे. आता दवाखान्याकडं बघू.

आपल्याकडं खाजगी दवाखान्यांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे. त्याच्या नियमांत १४ जानेवारी २०२१ ला सुधारणा झाली. त्याप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि १५ बाबींचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. भरती फी, खाटेचं आणि आयसीयूचं दिवसाचं भाडं, डॉक्टरांची एका भेटीची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सलाईन आणि रक्त चढवणं, ऑक्सिजन, तपासण्या असं सगळं त्यात येतं. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रारीसाठी टोल-फ्री नंबर आणि तक्रार निवारणाची सोय ठेवायची आहे. लक्षात घ्या, या नियमानं दर किती असावा हे ठरवलेलं नाही. जो काही दर आहे तो उघड सांगा, एवढंच म्हटलंय.

आता माझा अनुभव. मागच्या वर्षी सौ.च्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, पण घाई नाही, महिन्याभरात करा. हा महिना मिळाला म्हणून चौकशी करता आली. योजनेत जिथं बसत होतं तिथं तारीख फार पुढची मिळाली. मग तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी तीन खाजगी दवाखाने फिरलो. ऑपरेशन तेच, दुर्बिणीतून.

पहिल्या ठिकाणी फलक होता, पण त्यावर फक्त तपासणी फी. काउंटरवर तोंडी ४२ हजार सांगितले. मी वही काढून एकेक विचारत गेलो. भूलवाले डॉक्टर यात आहेत का? नाहीत. औषधं? वेगळी. खोली? दोन दिवसच धरली आहे. बेरीज ६० हजाराच्या पुढं गेली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "काका, आधी ॲडमिट तर करा, पैशाचं मग बघू." तिसऱ्या ठिकाणी बाईंनी कागदावर लिहून दिलं. खोली, थिएटर, सर्जन, भूल, औषधांचा अंदाज, आणि खाली एकूण ३८ हजार. शेवटचं बिल ३९,६०० झालं. जास्तीचे १६०० कशाचे तेही लिहिलं होतं. ऑपरेशन नीट झालं, महिन्याभरात सौ. पुन्हा रानात यायला लागली.

तिसरा दवाखाना स्वस्त होता म्हणून हे सांगत नाही. पहिल्याचा ४२ हजाराचा आकडा ऐकून मी घरी आलो असतो तर तिसऱ्याशी तुलना चार हजाराची वाटली असती. खरी तुलना २० हजाराच्या वरची होती. अर्धवट सांगितलेला दर हा न सांगितलेल्या दरापेक्षा जास्त फसवतो. म्हणूनच नियमात १५ बाबी वेगवेगळ्या आहेत.

आता या फलकाचं बळ कुठं संपतं तेही बघितलं पाहिजे. साप चावला, छातीत कळ आली, ट्रॅक्टर पलटी झाला, तेव्हा कुणी दरपत्रक वाचत नाही. तालुक्यात व्हेंटिलेटर एकाच ठिकाणी असेल तर पलीकडचं दुकानही नाही. शिवाय दवाखान्यात काय आणि किती घ्यायचं हे गिऱ्हाईक ठरवत नाही, विकणाराच ठरवतो. त्यात पेशंट पाठवल्याची टक्केवारी असेल तर कुठं जायचं हेही आपण ठरवत नाही. या टक्केवारीविरुद्ध कायदा करायला राज्य सरकारनं २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा तयार झाला, कायदा मात्र झाला नाही.

अशा ठिकाणी नुसता फलक पुरत नाही, सरकारनं कमाल दर बांधावा लागतो. ते जमतं, हे आपण पाहिलं आहे. कोरोनात २१ मे २०२० च्या आदेशानं खाजगी दवाखान्यांना साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४००० रुपये, आयसीयूला ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० अशी मर्यादा घातली. पुढं १ जून २०२१ ला गावांचे वर्ग पाडून लहान शहरांत आणि ग्रामीण भागात ती आणखी कमी केली, साधा वॉर्ड २४०० रुपयांपर्यंत. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले आणि काहींना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. हृदयात बसवायच्या स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधवाल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच लाखाच्या घरात जायचा.

औषधांच्या बाबतीत मात्र दुसरं दुकान असतं, आपण तिथं जात नाही. दवाखान्याच्या मेडिकलमधूनच औषध घ्यायची सक्ती नाही, हे ठळक लिहून लावा, असं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं जून २०२५ मध्ये सांगितलं. त्याआधी मार्चमध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता. न्यायालयानं स्वतः आदेश न काढता धोरण ठरवायचं राज्यांवर सोपवलं, कारण आरोग्य हा राज्याचा विषय आहे. म्हणजे आपल्याला बोलायचं असेल तर ते मुंबईत आणि आपल्या आमदाराशी.

बोलायचं काय? नियमाला दात पाहिजेत, हे. पश्चिम बंगालनं २०१७ च्या कायद्यानं वेगळा आयोग नेमला. बिलाची तक्रार तिथं ऐकली जाते आणि भरपाईचा आदेशही निघतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२२ मध्ये कायदा केला, की ज्या हॉस्पिटलनं दर नियमाप्रमाणे जाहीर केले नाहीत त्याला त्या काळातल्या उपचाराच्या थकबाकीसाठी पेशंटच्या मागं वसुली लावता येणार नाही. मला हे फार पटलं. आपल्याकडं फलक नसला तर दवाखान्याचं काय अडतं? काहीच नाही. ज्या दिवशी अडेल त्या दिवशी फलक कपाटामागून पुढं येईल.

डॉक्टरांची बाजूही आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना बांधायला कर्ज काढावं लागतं, उधारी बुडवणारे आपल्यातलेच असतात. बिलावरून तोडफोड झाली की डॉक्टर गाव सोडतो आणि उरलेलं एक दुकानही बंद होतं. हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण भांडणाचं मूळ बहुतेक वेळा न सांगितलेल्या आकड्यात असतं. आधी लिहून दिलेला दर डॉक्टरांनाही सांभाळतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघा, बाळंतपण ही कामं अचानक येत नाहीत. त्यासाठी एवढं करा.

१. आरोग्यमित्राला आधी भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का आणि कुठल्या दवाखान्यात, ते विचारा. योजनेत मंजूर झालेल्या उपचाराला वरून पैसे घेता येत नाहीत.

२. निदान दोन ठिकाणचा अंदाज कागदावर घ्या. "यात काय काय नाही?" हा प्रश्न विसरू नका.

३. ऑपरेशनची गरज आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत १७ हक्क आहेत, दुसरं मत घेणं त्यातलंच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. नको असलेलं ऑपरेशन स्वस्तात झालं तरी महागच.

४. बिल बाबवार मागा. हिशोबपट्टीसारखंच वाचा.

५. दरपत्रक लावलेलं नसेल तर लेखी तक्रार द्या. महापालिकेच्या हद्दीत त्यांच्या आरोग्य विभागाकडं, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं. पोच घ्या.

आमच्या शेतकरी गटात आम्ही एक वही सुरू केली आहे. ज्याच्या घरी ऑपरेशन झालं त्यानं दवाखाना, सांगितलेला आकडा आणि भरलेला आकडा लिहायचा. आजाराचं नाव लिहायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. आतापर्यंत ११ नोंदी झाल्या आहेत. मागच्या महिन्यात एका पोरानं आईच्या मोतीबिंदूच्या आधी ती वही मागून नेली आणि दोन ठिकाणी विचारून मगच तारीख घेतली. बियाण्याचा अनुभव आपण एकमेकांना विचारतोच, तसंच हे. तुमच्या गटातही एक वही घाला.