तलाठ्याच्या नावावरची यादी

ई-फेरफारचं काम बघणाऱ्याने सकाळी आधी एकेका तलाठ्याची यादी उघडावी. त्याच्या लॉगिनखाली कोणती गावं आहेत, कोणत्या नोंदी पडून आहेत, हे तिथेच कळतं. आढावा बैठकीत तालुक्याचा एकूण आकडा विचारला जातो, पण त्या आकड्यावरून कोणाला फोन लावायचा हे ठरत नाही. आमच्या जिवती तालुक्यात पहाडावर तर गावं लांबलांब आणि रेंजचा भरवसा नाही.

यादीत मी आधी तारीख बघतो. फेरफाराची नोंद झाली, कलम 150 ची नोटीस निघाली, की हरकतीला 15 दिवस. ते उलटूनही नोंद जागची हलली नसेल, तर नोटीस बजावल्याची तारीख भरायची राहिली आहे, हरकत आली आहे किंवा कागद मंडळ अधिकाऱ्याकडे थांबला आहे. वारसाची नोंद असेल तर ती मी सर्वांत आधी घेतो. नवरा वारलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही, तर पेरणीच्या तोंडावर तिचं पीककर्ज अडतं.

बदल्यांच्या दिवसांत वेगळीच काळजी. जुन्या तलाठ्याकडून साझा काढला आणि नव्याला द्यायचा राहिला, तर ते गाव कोणाच्याच यादीत येत नाही. दोघांचीही पेंडिंग शून्य दिसते. अशा शून्यावर विश्वास ठेवू नये. चार्ज दिला-घेतला त्याच दिवशी साझ्यातली गावं एकेक करून स्क्रीनवर ताडून बघावीत, वाड्या-गुड्यांसकट.

काही माणसं मात्र कोणाच्याच यादीत नाहीत, आणि या तालुक्यात ती थोडीथोडकी नाहीत. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं या पहाडावर आली, जमीन वाहिती केली. त्यातल्या अनेकांकडे आजही पट्टा नाही. वनहक्क कायदा बिगर-आदिवासींकडे 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या 75 वर्षांचा, तीन पिढ्यांचा रहिवास मागतो. त्या तारखेला यांची झाली होती 33 वर्षं. शेजारच्या गुड्यातल्या कोलाम आदिवासीला ही अट नाही, त्या तारखेआधीचा ताबा पुरतो. 72 साली आलेल्या माणसाकडे असूच शकत नाही असा पुरावा त्याच्याकडे मागणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचा निर्णय वरच व्हायला हवा.

पण कोलाम किंवा गोंड शेतकरी खिडकीशी आला आणि त्याची नोंद सापडली नाही, तर 'नाव नाही' एवढंच सांगून त्याला परत पाठवू नका. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा, हे सांगा. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब हे पुराव्यात चालतं, तेही सांगा. ग्रामसभेने दावा नाकारला तर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते. ही मुदत त्याला कागदावर लिहून द्या.