दोन तळहात रस्ता

गाडी गॅरेजसमोर उभी केली की भोवती माणसं जमतात, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. मोठी माणसं आधी विचारतात, "कितीला पडली?" मग, "ॲव्हरेज किती देते?" पोरांना एवढंच हवं असतं, "काका, टॉप किती जाते?" परभणीच्या जिंतूर रोडला माझं गॅरेज, तीस वर्षं पाना हातात आहे, पण ही गाडी रस्त्याला टेकते किती, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.

एकदा पोरांना दाखवायचं म्हणून गाडी स्टँडवर घेतली, पुढच्या टायरला काजळी फासली, खाली पांढरा कागद सरकवला आणि गाडी हळूच उतरवली. परत उचलून कागद काढला. उमटलेल्या ठशावर मी हात ठेवला, तर बोटं बाहेर आणि तळहात आत. मागचा ठसा थोडा रुंद, बस. म्हणजे २०६ किलोची गाडी, तिच्यावर बसलेला ऐंशी किलोचा मी, २०० अश्वशक्ती आणि घरी वाट बघणारी माणसं, सगळं दोन तळहातांएवढ्या जागेवर. बाकीची गाडी, तिचं इंजिन, रंग, आवाज, ही त्या दोन तळहातांवर ठेवलेली उसनवारी आहे.

माझी गाडी कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर, २०१८ची. त्याच साली कंपनीनं चाकणला तिची जोडणी सुरू केली आणि किंमत एकदम सहा लाखांनी खाली आली. तरी नवी घेणं माझ्या बापजन्मात जमलं नसतं. तीन वर्षांनी पुण्याच्या एका हौशी माणसाकडून वापरलेली घेतली. पुण्यात दहा वर्षं मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढून मी परत आलो होतो, तेव्हा लोकांनी निजामाच्या काळची म्हण तोंडावर मारली होती, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." गाडी आणली तेव्हा दुसरी म्हण निघाली. शेजारचा टायरवाला म्हणाला, "जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतेत, मग बीएमडब्ल्यू कामून आणली न्हाई?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

९९८ सीसी, चार सिलिंडर. तुलनेला गावोगावची स्प्लेंडर घ्या, तिची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे माझ्या गाडीत पंचवीस स्प्लेंडर बसतात, आणि वजन मात्र दोन स्प्लेंडरांपेक्षाही कमी. पहिल्या गिअरलाच ती शंभराच्या बरीच पुढं जाते. आपल्याकडं दुचाकीला हायवेवर मर्यादा ८०ची. म्हणजे कायद्यानं चालायचं तर सहापैकी पाच गिअर नुसते शोभेचे. हे मी लपवत नाही. टॉप किती जाते, याचं उत्तर मला आजही माहीत नाही, आणि या जिल्ह्यात ते शोधायला निघालेला माणूस मला गॅरेजवर नको.

माझे उस्ताद राजदूत ३५०वाले होते. एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० इथं त्या नावानं बनवली. १९८३ला आली, त्याच वर्षीच्या 'हिरो' सिनेमात जॅकी श्रॉफच्या मांडीखाली दिसली, आणि दशक संपता संपता बंद पडली. पेट्रोल प्यायची म्हणून लोकांनी टाकली. तिची खरी खोड वेगळीच होती. तीस अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि मूळ गाडीच्या पुढच्या डिस्कऐवजी ड्रम ब्रेक. पळायची वाघासारखी आणि थांबताना विचार करायची. उस्ताद सकाळी गॅरेज उघडलं की आधी टायरवरून हात फिरवायचे, मग चावी लावायचे. आम्ही पोरं हसायचो. आता मी तेच करतो. फरक इतकाच की माझ्याकडं हवेचा मीटर आहे, पुढं ३६, मागं ४२, आणि तेही टायर थंड असताना.

पण टायरवरून हात फिरवून अर्धंच कळतं. दुसरं अर्धं रस्त्यात असतं, आणि आमचा रस्ता दर महिन्याला वेगळा. पुण्याच्या लोकांना हे समजावता येत नाही. त्यांच्याकडं खड्डा असतो किंवा नसतो. आमच्याकडं पीक असतं.

मुळात खाली काळी कापसाची माती. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात हात जाईल एवढी भेग पडते, तर वरच्या डांबरानं तरी काय करावं? कडेला लांबच लांब चीर जाते आणि मधला भाग लाटा मारतो. एसटीत बसून ही लाट कळत नाही, झोप लागते उलट. माझ्या गाडीचं सस्पेन्शन रेसच्या गुळगुळीत ट्रॅकसाठी जन्माला आलेलं, त्यात मानेचे मणके मोजून निघतात. म्हणून पहिल्याच महिन्यात मुलाला मदतीला घेऊन मी टेप धरला. आधी गाडी अधांतरी असताना माप घ्यायचं, मग अंगावर सगळा पोशाख चढवून बसायचं, आणि गाडी किती खचली ते मुलानं वाचायचं. पस्तीस मिलिमीटरच्या आसपास आणलं, डॅम्पिंग दोन-तीन खटके सैल केलं. रेसवाले हसतील. पण चाक लाटेवरून उडालं की तळहात रस्ता सोडतो, आणि हवेत कुठलाच ब्रेक लागत नाही.

आता सोयाबीन.

२०२१चा ऑक्टोबर. गाडी येऊन दोन महिने झालेले. आमच्याकडं वळणं म्हणावीत अशी जिंतूरच्या डोंगराकडंच, बाकी जिल्हा पाटासारखा सपाट. म्हणून पहाटे येलदरी धरणापर्यंत जायचं, पूर्णेचं पाणी बघायचं आणि नऊच्या आत गॅरेज उघडायचं, असा रविवार ठरलेला. त्या दिवशी परतताना एका गावाबाहेरच्या डावीकडच्या वळणात शिरलो. वेग साठ-पासष्ट, गाडी कललेली. वळण उघडलं आणि पुढं अर्धा रस्ता पिवळा. ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगड आणि बाभळीच्या फांद्या. ताडपत्री मी चुकवली असती, पण ताडपत्रीबाहेर सांडलेले दाणे उशिरा दिसले. सोयाबीनचा दाणा गोल, टणक, सहा-सात मिलिमीटरचा. बेअरिंग फुटल्यावर त्यातून जे छर्रे घरंगळतात, अगदी तसाच. डांबरावर छर्रे पसरून त्यावरून कलती गाडी न्यायची, असा तो प्रकार.

लोक म्हणतात, गाडीत एवढं इलेक्ट्रॉनिक्स आहे ना? आहे. मागचं चाक घसरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापतं. गाडी किती कलली आहे हे ओळखणारा सेन्सर आहे. एबीएस आहे. पण पुढचं चाक कललेलं असताना त्याच्याखालून रस्ताच निसटला, तर त्याला धरून ठेवणारं बटण अजून निघालेलं नाही. मला एवढंच जमलं की ब्रेकवरची बोटं सोडली आणि गाडी सरळ केली. सरळ म्हणजे वळणाबाहेर. मागचं चाक एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं गेलं, आणि आम्ही दोघं उजव्या साईडपट्टीच्या मुरुमात जाऊन आडवे झालो. समोरून कुणी येत नव्हतं, यात माझं कौशल्य काही नाही.

खराटा घेऊन एक म्हातारी धावत आली. मला वाटलं मला उचलायला. तिनं आधी माझ्या चाकानं उधळलेले दाणे ताडपत्रीकडं लोटले, मग म्हणाली, "लागलं का रे बाबा?" गुडघा सोलला होता, क्लचचा लिव्हर तुटला होता, फेअरिंगला वीतभर तडा. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी तोंड उघडून रस्त्यावर वाळवण घालण्याबद्दल काही बोलणार होतो. बोललो नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या गावाकडं माझा बाप हेच करत होता.

खळी आता राहिली नाहीत. मळणीयंत्र रानात येतं, माल पोत्यात भरून देतं, आणि त्या मालात ओलावा असतो. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. त्याच्या वर गेला की पोती माघारी. (२०२४ला ती १५ केली होती, तेव्हा गावात थोडं हायसं झालं.) व्यापारी ओला माल घेतो, पण भाव पाडून. काळं डांबर दुपारी तव्यासारखं तापतं, दोन दिवसांत दाणा खडखडीत. शेतकऱ्याच्या हिशेबात तो रस्ता म्हणजे सरकारनं बांधून दिलेलं खळंच. घरी येऊन फेअरिंग खोलली तेव्हा आत अकरा दाणे निघाले. एक रेडिएटरच्या पंख्यात, तीन बॅटरीखाली. ते टाकायला जीव झाला नाही, नट-बोल्टच्या बरणीत अजून आहेत.

कापसाचं वेगळंच. नोव्हेंबरपासून मानवत-सेलूकडं जिनिंगला जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात आणि दोन्ही कडेच्या बाभळींना सरकीसकट कापूस लटकतो. दिसायला झकास. पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी ऐन थंडीत तापायला लागली, मीटर १०५ दाखवायला लागला, पंखा बंदच होईना. थर्मोस्टॅट बघितला, कूलंट बदललं, पंप खोलायच्या तयारीत होतो. मग बॅटरी मारून रेडिएटरच्या जाळीत बघितलं तर आत कापसाची गादी झालेली, त्यात धूळ, वर मेलेले किडे. इथं मी शिकलेल्या माणसाचा गाढवपणा केला, वॉशिंगचा प्रेशर पाईप लावला. कापूस निघाला आणि नाजूक पट्ट्या मुडपल्या. पुढच्या दोन रात्री चिमट्यानं एकेक पट्टी सरळ करत बसलो. आता महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि मागून पुढं साधं नळाचं पाणी. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलंय, कापूस लिहिलेला नाही.

दिवाळीनंतर अंधार पडला की मी गाडी बाहेर काढत नाही. गंगाखेड-पाथरीकडं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ऐंशीच्या वेगात माणूस सेकंदाला बावीस मीटर जातो. ट्रॉली दिसली, मेंदूला कळली, हात ब्रेकवर गेला, तोवर एक सेकंद संपला. हिशेब इथंच थांबवलेला बरा.

उन्हाळ्यात वेळ फक्त पहाटेची. २०२३ला नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. सप्टेंबरचा उकाडा बघून शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणावी लागली. मार्को बेझेक्की जिंकला, पण मला आठवतो तो शर्यत संपल्यावर अंगातलं पाणी संपून कोसळलेला होर्हे मार्टिन. जगातली सर्वांत कसलेली शरीरं ती. आमच्याकडं मे महिन्यात ४४ म्हणजे रोजचं. त्यात चामड्याचा पोशाख, आणि मांड्यांच्या मधे चुलीसारखं इंजिन. रेल्वे फाटकात पाच मिनिटं अडकलो की पॅन्ट चिकटते. पोरं टी-शर्ट-चपलांवर मोठ्या गाड्या काढतात ती यामुळंच, मला कारण कळतं. पण मी जाकीट काढत नाही, फाटकात इंजिन बंद करतो.

खर्चाचं थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे पुष्कळ. ॲव्हरेज चौदा-पंधरा. मागचं टायर पाच-सहा हजार किलोमीटरला संपतं आणि एकटं वीस हजारांच्या घरात जातं, म्हणजे पेट्रोल सोडून किलोमीटरला तीन-चार रुपये नुसतं रबर. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. मला एका दुकानदारानं 'नवं कोरं' म्हणून पाच वर्षं गोदामात कडक झालेलं टायर दिलं होतं, आणि मी, टायरवरून हात फिरवणाऱ्या उस्तादाचा चेला, आकडे न वाचता बसवून आलो होतो. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीच्या आतल्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरच्यांवर मात्र थेट ४०. नवी मोठी गाडी आता परभणीत आणखी कमी दिसेल. दिसली तर सर्व्हिसला माझ्याकडंच येईल, ही माझी स्वार्थाची गोष्ट.

हे लिहितोय तो २०२५च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा पडला ते सगळ्यांनी बघितलंय. गोदाकाठ पाण्यात गेला, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, कापसाची बोंडं काळी पडली. परवाच्या रविवारी पहाटे उघडीप होती म्हणून गाडी काढली. दरसाल या दिवसांत मी शिव्या घालत, पहिल्या-दुसऱ्या गिअरला चालवतो. यंदा जिंतूरपर्यंत रस्ता धुतल्यासारखा मोकळा. एक ताडपत्री नाही, एक दगड नाही. असा रस्ता मी चार वर्षं मागत होतो. ॲक्सिलरेटर काही पिळवला नाही.

त्या वळणावर सवयीनं आधीच वेग कमी केला. म्हातारी होती. ताडपत्री दुमडून अर्धी अंथरलेली, त्यावर दोन पाट्या भरतील एवढे दाणे, डागाळलेले, काही काळे. ती बोटांनी निवडत होती. मी गाडी साईडपट्टीवर घेऊन इंजिन बंद केलं. तिनं मान वर केली, मला नाही, गाडीला ओळखलं.

"यंदा सांभाळून जायचं कामच न्हाई बघ बाबा," म्हणाली, आणि बसायला ताडपत्रीचा कोपरा सरकवला.