आईचा दुधी

चैत्र लागला आणि आमच्या परसबागेने पुन्हा डोळे उघडले. छाटलेल्या मोगऱ्यावर कळ्या आल्या, कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली. बागकामाची आवड असलेल्या स्नेह्यांना मात्र आम्हांस निराळीच वार्ता सांगावयाची आहे.

दिवंगत मातोश्रींनी राखेत जपलेल्या दुधीच्या चारच बिया उरल्या होत्या. माघारंभी त्या पेरल्या; एकच रुजली. वेल मांडवावर चढली, परंतु इवली फळे पिवळी पडून गळू लागली. आम्ही दोष मातीला दिला आणि शेणखत वाढविले. चूक तेथेच झाली. दुधीची नर व मादी फुले वेगवेगळी असतात, ती सायंकाळी उमलतात. आणि आमच्या दाट वस्तीत परागण करणारे पतंग क्वचितच फिरकतात. अखेर दिवेलागणीस नर फूल खुडून त्याचे पराग आम्ही मादी फुलास लावले व त्यावर कागदी पिशवी बांधली. आज वेलीवर एक फळ वाढते आहे.

ते आम्ही खाणार नाही. साल टणक होऊन आत बिया वाजेपर्यंत ते वेलीवरच राहील. एकच प्रत उरलेला दस्तऐवज किती सहज नष्ट होतो, हे इतिहासाच्या अध्यापनाने आम्हांस शिकविले आहे. म्हणून त्या बिया वसतिगृहाच्या कुंपणाशी व माजी विद्यार्थ्यांच्या अंगणांत पोहोचाव्यात, अशी आमची इच्छा आहे. ज्यांच्याकडे रुजतील, त्यांनी पुढे आणखी चौघांना द्याव्यात. आमची वेल वाळली तरी आईचा दुधी जगेल.