अब्बांची वही आणि गियरचं तेल

शाळेला सुट्टी असली की मी कधीकधी मामूंच्या गॅरेजवर जाऊन बसतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर, भंगाराच्या दुकानांच्या मागे. मला स्क्रू पिळता येत नाही, पण चहा बरा मिळतो आणि मामू मला 'मास्टर' म्हणतात, ते ऐकायला आवडतं.

गेल्या महिन्यात तिथं एक शेवरोले इम्पाला आली होती. १९६५ चं मॉडेल. मालक तरुण, हौशी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना मिळतो तो 'व्हीए' मालिकेतला नंबर काढायची त्याची खटपट चालली होती. गाडी दिसायला नवरीसारखी, पण चालायला हट्टी. या गाडीत पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. शेवरोलेनं तो १९५० ते १९७३ या काळात वापरला. गियर दोनच, लो आणि हाय. क्लचचं पायडल नाही. हलक्या पायानं चालवली तर गाडी थोडा वेग घेताच स्वतःहून वरच्या गियरमध्ये सरकते आणि आत बसलेल्याला ते कळतसुद्धा नाही. ही मात्र तीस-पस्तीस मैलांचा वेग होईपर्यंत खालच्याच गियरमध्ये रडत राहायची आणि मग असा धक्का द्यायची की मागच्या सीटवरच्या माणसाची टोपी पुढे यावी.

"तेल कितना पीती है?" मामूंनी विचारलं.

"इंजिनचं?"

"गियर का."

दर आठवड्याला घालावं लागतं, मालक म्हणाला. पण खाली थेंब पडत नाही. पुठ्ठा टाकून पाहिला, कोरडा राहतो. दोन मेकॅनिकनी गियरबॉक्स उतरवायला सांगितलंय.

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. हे वाक्य मी लहानपणी आमच्या घरात ऐकलं होतं. खाली थेंब पडत नाही.

अब्बा एका शेठकडे ड्रायव्हर होते. तीही इम्पालाच, जवळपास याच सालाची, फिकट निळी. मी आठ वर्षांचा असेन. गियरचं तेल तेव्हा बाहेरून यायचं, महाग असायचं, आणि त्याचा हिशेब मॅनेजर ठेवायचा. १९८६ मध्ये तेल कमी व्हायला लागलं. अब्बा रोज सकाळी इंजिन गरम करून, चालू ठेवून, दांडी काढून बघायचे आणि कमी असेल तेवढं भरायचे. एक डबा, मग दुसरा. मॅनेजरनं गाडी गॅरेजला पाठवली. गॅरेजनं सांगितलं, गळती कुठेही नाही. मग तेल जातं कुठे? मॅनेजरनं उत्तर स्वतःच शोधलं. ड्रायव्हर विकतो.

अब्बांनी आपली वही पुढे केली. तारीख, मैल, किती तेल घातलं, सगळं लिहिलेलं. उर्दूत. मॅनेजरनं दोन पानं उलटली, तीही चुकीच्या बाजूनं, आणि वही परत दिली. कोण वाचणार हे? अब्बांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. कोणी काढलं नाही, हे अम्मी अजून आवर्जून सांगते. पुढे मरेपर्यंत टॅक्सी चालवली, दुसऱ्याची.

मामूंनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि मागे जाऊन उभे राहिले. सायलेन्सरमधून पांढरा, दाट धूर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कमी, सोडला की पुन्हा लोट. मग इंजिन बंद करून ते गाडीखाली सरकले. गियरबॉक्सच्या मागच्या बाजूला वाटीएवढा पत्र्याचा डबा असतो, त्याला मॉड्युलेटर म्हणतात. त्यावर एक रबरी नळी. मामूंनी ती खेचली आणि मला हाक मारली. नळीतून लाल तेल ठिबकत होतं.

"ही नळी कुठे जाते?" मी विचारलं.

"इंजिन में."

नंतर त्यांनी मला ते मुलाला पहाडा शिकवावा तसं समजावलं. इंजिन हवा ओढतं, ती ओढ या नळीतून डब्यापर्यंत पोचते. डब्यात रबराचा पडदा. पाय हलका असला की ओढ जास्त, पाय दाबला की कमी. गियरबॉक्सला डोळे नाहीत, ड्रायव्हरच्या पायावर किती जोर आहे हे त्याला या ओढीवरून कळतं. पडदा फाटला की ओढ पोचत नाही. गियरबॉक्सला वाटतं, ड्रायव्हरनं पाय जमिनीपर्यंत दाबलाय, चढ आहे, घाई आहे. म्हणून तो गियर उशिरा बदलतो आणि जोरात बदलतो. आणि फाटलेल्या जागेतून इंजिन काय करतं? गियरचं तेल पितं. पितं आणि जाळतं. जमिनीवर थेंब कुठून पडणार?

नळी कोरडी असती तर तडा गेलेली नळी शोधायची, ती धड असेल तर मग गव्हर्नर बघायचा. पण तेलानं ओली नळी म्हटल्यावर विचारायचं काही उरत नाही. गियरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे एक नवा मॉड्युलेटर कागदात गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्या तोंडाला ओठ लावून त्यांनी हवा ओढली आणि भोकावर जीभ ठेवली. जीभ चिकटून राहिली. "अच्छा है," ते तोंड सोडवत म्हणाले.

मी म्हणालो, "मामू, अब्बांच्या गाडीचं हेच झालं होतं."

ते हात पुसत राहिले. बराच वेळ पुसले, आधीच पुसलेले होते तरी. मग म्हणाले, "उस गाडी के नीचे मैं ही लेटा था, मास्टर."

मला माहीत नव्हतं. त्या गॅरेजात मामू तेव्हा हेल्पर होते. खाली जाऊन बघून ये, कुठे गळतंय का, असं उस्तादनं सांगितलं. मामूंनी पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. कुठेही गळत नाही. धुराबद्दल उस्ताद म्हणाला, इंजिनच्या रिंगा गेल्यात, जुनी गाडी आहे. मॉड्युलेटर काय असतो, हे मामूंना दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या एका गाडीवर कळलं. तोवर भाऊजी टॅक्सीवर होते. "कौन से मुंह से बोलता?" ईद आली, गेली. अशा पंधरा-वीस ईदा. मग अब्बाच राहिले नाहीत.

मी त्यांच्यावर चिडलो की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून निघालो, एवढं खरं.

घरी अम्मीच्या पेटीतून वही काढली. शाळेत दाखवायचीय, असं सांगितलं. वीस वर्षं उर्दू शिकवतोय, बीएड केलं, मुलांना निबंध कसा लिहावा हे सांगतो, पण ही वही मी कधी पूर्ण वाचली नव्हती. तेलाचा हिशेब, त्यात वाचायचं काय? अब्बांचं अक्षर मदरशातलं, तिरकं, नुक्ते कुठेही. तेलाच्या आकड्यांच्या शेजारी बारीक शेरे होते. 'गियर देर से'. 'झटका'. 'हाजी अली सिग्नल, सफेद धुआं'. 'पेडर रोड उतार, बहुत धुआं'. आणि एका पानावर: 'पांव उठाओ तो ज्यादा, दबाओ तो कम'.

सिग्नलला आणि उताराला ड्रायव्हरचा पाय वर असतो. तेव्हाच इंजिनची ओढ सगळ्यात जास्त.

पुढच्या रविवारी वही घेऊन कुर्ल्याला गेलो. मामूंना उर्दू वाचता येत नाही, लहानपणीच कामाला लागले. मी वाचत होतो, ते स्टुलावर बसून ऐकत होते. पेडर रोडच्या ओळीला त्यांनी हात वर केला. "फिर से पढ़." पुन्हा वाचली. "सब लिखा है," ते म्हणाले. "भाईजान ने सब लिखा है."

इम्पाला गेली होती. तिचा जुना मॉड्युलेटर फळीवर पडला होता.

"अम्मीला सांगायला हवं," मी म्हणालो. "मी सांगतो."

"नहीं. आपा को मैं बोलूंगा."

त्यांनी निरम्यानं कोपरापर्यंत हात धुतले, शटर अर्धं ओढलं, खुंटीवरचा स्वच्छ शर्ट घातला. तो फुटका डबा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला. मुंब्र्याची स्लो लोकल आठ मिनिटांत होती. मामू माझ्या पुढे जिना चढत होते, आणि पिशवी त्यांनी शर्टाला तेल लागू नये म्हणून अंगापासून लांब धरली होती.