काळूची हद्द

बाबा रिटायर झाल्यापासून वीकेंडचा मॉर्निंग वॉक माझ्या गळ्यात पडलाय. मीरारोडला शांतीनगरात चालायचं म्हणजे स्कूटर, भाजीच्या गाड्या आणि कुत्रे यांच्यातून वाट काढायची. बाबा गुडघ्याकडे लक्ष ठेवून चालतात, मी कुत्र्यांकडे. खरं सांगायचं तर मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती वाटते. आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे माणूस फार बारकाईने बघतो!

तर, बघून बघून कळलेली पहिली गोष्ट म्हणजे कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. आमच्या गल्लीचा मालक काळू. (नाव वॉचमनने ठेवलंय, रंग तपकिरी आहे.) गेटपासून कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत तो आमच्याबरोबर येतो. डीपी आला की हुंगतो, पाय वर करतो आणि मागे फिरतो. पलीकडे दूध सेंटरच्या टोळीचं राज्य. दोन कुत्रे भेटले की सरळ तोंडासमोर येत नाहीत, अर्धगोल फिरून मागून हुंगतात. आमच्या नेटवर्किंगच्या भाषेत हा हँडशेक. तो फसला की भांडण.

शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असंही नसतं. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मी काळूवर हे तपासायला गेलो. पण माझी उजवी की त्याची उजवी, या घोळातच डीपी आला...

असो. मुद्द्यावर येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या सायकलमागे कुत्रे लागले. तो पडला, हात मोडला. सोसायटीत सह्यांचा कागद फिरला, "कुत्रे कायमचे उचला" म्हणून. बाबा आंघोळीला गेले होते. मी दारातच सही ठोकली.

बाबांना नंतर कळलं. "कुठला कुत्रा धावला, विचारलंस का?" एवढंच म्हणाले. कुणीच विचारलं नव्हतं.

काही दिवसांनी गाडी आली आणि काळूला घेऊन गेली. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पण पुढच्याच शनिवारी दूध सेंटरची टोळी आमच्या गेटवर! ती आम्हाला ओळखत नव्हती, आम्ही तिला. तिघं एकदम भुंकत आले. बाबा घाईने मागे सरकले आणि गुडघा लचकला. वॉक तिथेच संपला.

घरी येऊन मी नियम वाचले. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. २००१ च्या नियमांत हेच होतं, २०२३ च्या नियमांतही हेच. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं, फक्त रेबीजचे आणि आक्रमक कुत्रे वगळून. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं यांना वेगळा नियम लावला. पण आमची गल्ली त्यात येत नाही. यामागचं कारण साधं आहे. कचऱ्यात खायला आहे तोवर जागा रिकामी राहत नाही, एक गेला की दुसरा येतो. म्हणजे आमची मागणी नियमात बसतच नव्हती. सॉफ्टवेअर टाकताना न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो, तशी मी सही केली होती.

आठवड्याभराने वॉचमन म्हणाला, "साहब, कालू आ गया. कान काटके भेजा है." नसबंदी झाल्याची खूण ती. दोन रात्री जोरदार भांडणं झाली आणि हद्द पुन्हा डीपीवर गेली.

परवा तो मुलगा लिफ्टमध्ये भेटला. प्लास्टर निघालंय. शेवटी मी विचारलंच, "तुझ्यामागे काळू लागला होता का रे?"

"माहीत नाही दादा. मी मागे बघितलंच नाही."

त्याला काय बोलणार? त्याचे बाबा अजून म्हणतात, एकही कुत्रा नको. हात त्यांच्या मुलाचा मोडलाय, मी वाद घालत नाही. काळू मात्र आता माझ्यापासून चार हात लांब, बाबांच्या बाजूने चालतो. बाबा तेवढ्यासाठी काठी दुसऱ्या हातात घेतात.