अखेर ‘अर्थ’ लागला!

मित्रहो, इलेक्ट्रिकलच्या पोराला सुट्टीत घरी काय काय करावं लागतं ते सांगायला नको. मिक्सर, शेजारच्या काकूंची इस्त्री, आकाशकंदिलाचं होल्डर, सगळं आपल्याकडेच! गेल्या दिवाळीत पाळी आली बाबांच्या जुन्या मोटारीची.

आजीला डोळे दाखवायला तालुक्याला न्यायचं होतं. ती सकाळीच तयार होऊन मागच्या सीटवर बसलेली. बाबांनी चावी फिरवली. ‘कट्!’ एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. पुन्हा ‘कट्!’

“बॅटरी गेली,” बॉनेटही न उघडता मी निकाल दिला.

“अरे, पण लाइट तर लख्ख आहे. सेल्फ मारला तरी मंद होत नाही.”

“बाबा, लाइटला जेमतेम दहा अँपिअर लागतात, सेल्फला शंभरच्या वर! तुम्हाला नाही कळायचं ते.”

बाबा गप्प बसले. आजी मुकाट्याने खाली उतरली. पुढचा नंबर आठ दिवसांनी मिळाला.

संध्याकाळी जुनी बॅटरी देऊन, वर चार हजार मोजून नवी आणली. चावी फिरवली. ‘कट्!’

आता मात्र घाम फुटला. मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, उत्तम. बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनाला जाणारी अर्थची वायर कंटिन्युइटीवर तपासली. ‘पीं’ वाजलं. म्हणजे अर्थही ठीक. मग सेल्फच जळाला असणार! आणखी काही हजारांचा खड्डा.

दुसऱ्या दिवशी स्टँडमागचे वायरिंगवाले काका आले. त्यांनी मीटर व्होल्टवर ठेवला. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. “मारा सेल्फ!” मीटरवर ५ व्होल्ट!

“इंजिनिअरसाहेब, इथं शून्याच्या जवळपास पाहिजे. वायर चालू करंटात बघायची असते.”

वायरचा इंजिनाकडचा बोल्ट खोलला. खाली नुसता गंज! पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. दहा मिनिटांत गाडी सुरू. मजुरी शंभर रुपये.

रात्री वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. गंजाचा रेझिस्टन्स फक्त ०.०५ ओहम. माझ्या मीटरच्या वायरींचा स्वतःचाच त्याहून जास्त, म्हणून तो खुशाल ‘पीं’ वाजला. पण १०० अँपिअर वाहू लागले की त्याच ०.०५ ओहमवर ५ व्होल्ट खर्च! सेल्फला उरतात साडेसहाच्या आसपास. त्यात सोलेनॉइड ‘कट्’ करतो, मोटर फिरत नाही. लाइटची अर्थ मात्र बॉडीवरून वेगळी जाते, त्यामुळे तो लख्ख. बॅटरी मेलेली असती, तर सेल्फ मारताच तो मंद झाला असता.

म्हणजे बाबांनी पहिल्याच मिनिटाला अचूक खूण सांगितली होती. मीच ऐकली नाही. ओहमचा नियम मला अकरावीपासून पाठ होता!

चार हजारांबद्दल बाबा एवढंच म्हणाले, “असू दे, कधीतरी बदलायचीच होती.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी आजीला मीच घेऊन गेलो. हॉस्टेलवर आता कुणी बिघडलेलं काही आणलं, की मीटर काढण्याआधी विचारतो, “तुला काय काय दिसलं ते सांग.” पेपरात मार्क पडतात हो, मित्रांनो, पण तेही कंटिन्युइटीच्या ‘पीं’सारखंच. खरी परीक्षा लोडवर!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल