आंबोलीचा छोटा शिंजीर

इचलकरंजीच्या आमच्या परसातील जास्वंदीवर शिंजिराचे जोडपे रोज सकाळी येते. गेल्या जानेवारीत आजऱ्यामार्गे आंबोलीस गेलो असता एका जुन्या झाडावर, बांडगुळाच्या फुलांशी तसाच पक्षी दिसला. नात म्हणाली, "आजोबा, हा तर आपलाच!" मीही मान डोलावली. दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा दोघांचीही चूक उमगली.

घरचा तो जांभळ्या कंबरेचा शिंजीर. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, डोके हिरवट निळे, पाठ तपकिरी-लाल, पोट पिवळे आणि खांद्यावर चमकणारा हिरवा ठिपका. नराचा हा साज बारमाही असतो. आंबोलीचा त्याचा भाऊबंद जेमतेम ८ सेंटिमीटरचा. त्याची पाठ गडद किरमिजी, खांद्यावर हिरवा ठिपका नाही. विणीचा हंगाम सरला की नर हा साज उतरवून मळकट हिरवा होतो. दोघांच्या माद्या साध्याच. मात्र छोटीची कंबर तांबडी असते.

खरा भेद रंगापेक्षा निवाऱ्यात आहे. घरचा शिंजीर आपल्याशी जुळवून घेतो. कोळ्याच्या जाळ्याने विणलेले त्याचे लोंबते घरटे व्हरांड्यातही सापडते. छोटा शिंजीर मात्र सह्याद्रीच्या रांगांखेरीज जगात कोठेही नाही. तो बागांत येतो, पण त्याचे खरे घर सदाहरित रान. जिकडे फुले, तिकडे तो घाट चढतो, उतरतो.

आमची ही सहल निव्वळ हवापालटासाठी नव्हती. थोरल्या बंधूंना बंगल्यासाठी जागा पाहायची होती, आणि ते झाड त्याच जागेत होते. "बांडगुळाने पोखरलेले आहे, काढून टाकू," असे जागामालक म्हणाले. व्यवहार म्हणून ते बरोबरही होते. बांडगूळ झाडाचा रस शोषते, हे खोटे नाही. पण त्याच फुलांचा मध शिंजिरांना पोसतो आणि परागीभवनही तेच करतात.

बंधूंनी दुर्बीण मागून घेतली व बराच वेळ पाहत राहिले. सौदा झाला, मात्र आराखड्यात बंगला दहा फूट मागे सरकला आणि झाड राहिले. एका झाडाने त्या पक्ष्याचे भागणार नाही, हे आम्ही जाणतो. घरच्या शिंजिरास एक जास्वंद पुरते. या छोट्यास अख्खा घाट लागतो.